उजव्या कानातला खर्ज

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही काही करू नका हो, तुम्ही फक्त ऐका." फक्त ऐका! तुम्हाला सांगतो, माणूस आयुष्यात जितक्या वेळा गोत्यात येतो ना, त्यातल्या निम्म्या वेळा आधी कुणीतरी 'फक्त' म्हटलेलं असतं. फक्त इथे सही करा. फक्त पाच मिनिटं थांबा. फक्त ऐका. मी ऐकलं. आणि आता माझी जी काही अवस्था झालीय ती... नाही, असं मधूनच सांगून चालायचं नाही. पहिल्यापासून सांगतो, मग तुम्हीच ठरवा माझं काय चुकलं.

मी कवळ्या बनवतो. दातांच्या. डॉक्टर नव्हे मी, डॉक्टर तिकडे जबड्याचा साचा घेतो आणि माझ्याकडे धाडतो, मी त्यावरून कवळी करून देतो, आणि ती बसली की नाव डॉक्टरचं आणि नाही बसली की गिऱ्हाईक सरळ माझ्या दुकानात. तशाच एक दिवस बाई आल्या. बाई म्हणजे गानवृंदाच्या बाई, पंचवीस-तीस माणसांना एका खोलीत उभं करून एकदम गायला लावतात त्या. पण हे मला तेव्हा काय माहीत? मला एवढंच दिसलं की यांची वरची कवळी सैल आहे आणि 'स' म्हटलं की शीळ वाजतेय. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "तोंड उघडा." उघडेनात. म्हणाल्या, "परत म्हणा." मी परत म्हटलं. "आणखी खाली." मला वाटलं जबडा आणखी खाली करू का विचारतायत, मी म्हटलं हो, करा की. तर त्या माझ्या आवाजाबद्दल बोलत होत्या! म्हणे, असा खर्ज आम्हाला दोन वर्षं मिळत नाहीये, मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता या, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर.

मी म्हटलं, बाई, मला गाता येत नाही, आणि तुमच्या त्या पाच रेघांवर मुंग्या बसवलेल्या असतात त्या मला वाचताही येत नाहीत. तर म्हणाल्या, "वाचू नका. तुम्ही फक्त ऐका."

आता ऐकायचं काय, तर साडेचारशे वर्षांपूर्वीची गाणी. परक्या भाषेतली, न पेटी न तबला, नुसती गळ्यांची. आणि गाणी कसली हो, त्यातला प्रियकर दर दुसऱ्या ओळीला मरतो. मरतो म्हणजे तोंडाने म्हणतो मी मरतो, मी मरतो, आणि पुढच्या ओळीत हा परत हजर, परत मरायला. त्यात सगळ्यांनी एक चाल गायची म्हणाल तर ते नाही. चार मजली कारभार आहे. वरच्या बायका, खालच्या बायका, वरचे पुरुष, खालचे पुरुष. मी तळमजल्याच्याही खाली, पाण्याची टाकी असते तिथे. एकाने सुरू करायचं, चार मात्रांनी दुसऱ्याने तीच ओळ घेऊन त्याच्यामागून निघायचं, मग तिसऱ्याने. ऐकताना कसं वाटतं सांगू? आपण सुनसान बोळातून चाललोय, आणि मागून कुणीतरी आपल्याच पावलांवर पाऊल टाकत येतंय.

तर हे शिकण्यासाठी बाईंनी माझ्या फोनमध्ये सरावाच्या ध्वनिफिती घालून दिल्या. युक्ती अशी, की आपला आवाज उजव्या कानात आणि बाकीचे तिघे डाव्या कानात. दोन्ही कानांत बोंडं घालायची, उजव्या कानातल्या माणसाच्या मागोमाग गायचं. झालं. फक्त ऐका.

मी कामाला बसलो की लावायचो. इकडे गुलाबी मेण तापतंय, तिकडे घासायचं चाक फिरतंय, हातात कुणाच्या तरी बत्तीस दातांचा संसार, आणि उजव्या कानात हा माणूस. बरा माणूस होता हो. घाई नाही, दिखाऊपणा नाही, आवाज कसा, तर जुन्या लाकडी कपाटाचं दार सावकाश उघडावं तसा. ओळ सुरू करायच्या आधी नाकाने लांब श्वास घ्यायचा. मध्येच त्याची खुर्ची करकरायची. एका ठिकाणी घसा खाकरायचा. आणि तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे, तिथे सगळे गप्प होतात. तीन मात्रा चिडीचूप, आणि मग खालच्या बायकांनी एकट्यांनीच सुरू करायचं. त्या तीन मात्रांत हा माणूस अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणायचा, "चल." म्हटलं मोजत असेल बिचारा. मोजायची ज्याची त्याची पद्धत.

आता माझा धंदा कसला? साच्याचा. साच्यात आपण निवड करत नाही, जबड्यात जे असेल ते सगळं उतरतं, चांगला दात उतरतो, तुटका उतरतो, हिरडीवरचा फोडसुद्धा उतरतो. तसा मी त्या माणसाचा साचा घेतला. सूर घेतले, श्वास घेतले, खाकरणं घेतलं. आमची ही एक दिवस जेवताना म्हणाली, तुम्ही हल्ली जिना चढताना मधल्या पायरीवर का थांबता? मी म्हटलं, थांबतो का? म्हणाली, थांबता, नाकाने मोठा श्वास घेता आणि मग पुढे जाता. आणि खुर्चीत बसताना आधी हाताने खुर्ची चाचपता. बावीस वर्षांत असं केलं नव्हतं तुम्ही. हे बोलली आणि भाजी वाढायची थांबून माझ्याकडे बघत राहिली. अशी बघत राहिली, की मीच मान खाली घातली.

तालमीत मात्र माझं कौतुक. बाई तोंडभर, म्हणजे माझ्याच कवळीनिशी, हसल्या. मला शेवटच्या रांगेत अगदी उजव्या टोकाला उभं केलं. माझ्या डावीकडे शिंपी, तोही खर्जातलाच. शिंपी म्हणजे खरोखरचा शिंपी, गळ्यात टेप घेऊनच गातो. उजवीकडे कुणी नाही, हातभर मोकळी जागा आणि मग भिंत. आणि माझ्या बरोबर पुढे वहिनी.

वहिनींना सगळे वहिनीच म्हणतात. साठीच्या बाई, शांत, पांढरे केस, खालच्या बायकांत गातात. त्यांचं एकच दुखणं, ती तिसऱ्या गाण्यातली जागा. बाकीच्या खालच्या बायका त्यांच्या भरवशावर उभ्या असतात, आणि वहिनी दर वेळी उशिरा. अर्धी मात्रा, एक मात्रा, पण उशिरा. बाई पट्टी आपटायच्या, परत, परत. वहिनी नुसती मान हलवायच्या.

माझी पाचवी तालीम. तिसरं गाणं आलं, सगळे गप्प झाले, एक... दोन... आणि माझ्या तोंडून निघालं, "चल." मी ठरवून नाही म्हटलं, तुम्हाला शपथेवर सांगतो. साच्यात होतं ते निघालं. आणि वहिनी काट्यावर काटा पडावा तशा वेळेवर आल्या. एवढ्या नेमक्या, की शिंप्याने माझ्याकडे बघितलं. पण चार सूर गाऊन त्या थांबल्या. मागे वळल्या. तुम्ही कधी एखाद्याच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना बघितलाय? साच्याच्या पिठीसारखा चेहरा झाला. माझ्याकडे बघत होत्या पण माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या बाईला आपण अरे-तुरे केलं, 'चल' म्हणालो, त्यांना राग आला असणार! त्या पिशवी घेऊन निघून गेल्या. पुढच्या मंगळवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मी शिंप्याला विचारलं, काय झालं हो? तो आधी टाळत होता. मग जिन्यात म्हणाला, अहो तुम्हाला माहीत नाही का, तुमच्या फितीत कोण गातंय ते? मी म्हटलं नाही. म्हणाला, वहिनींचे यजमान. पोस्टमास्तर होते. तुम्ही उभे राहता ना, तीच त्यांची जागा. बावीस वर्षं तिथे उभे होते. जाऊन दोन वर्षं झाली.

दोन महिने, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मी गेलेल्या माणसाचा श्वास कानात घालून बसलो होतो. बरं, बाईंनी सांगू नये? विचारलं तर म्हणतात, त्यात सांगायचं काय, आवाज चांगला आहे म्हणून दिला, तुम्हाला फक्त ऐकायचंच होतं ना?

तरी मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, गेलेल्या माणसांची गाणी रेडिओवर दिवसभर लागतात, आपण काय घाबरतो? आणि मी शिकत राहिलो. चौथं गाणं मला नवीन होतं, त्याची जुनी फीत बाईंनी नुकतीच फोनमध्ये घातली होती. एका आठवड्यात पाठ केलं. मंगळवारी बाई म्हणाल्या, एक सूर चुकला नाही. मी खूश. बुधवारी दुकानात बोंडाची वायर मेणाच्या भांड्यात पडली, म्हणून मी फोन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने बोंडं स्वतःच्या कानात घालून बघितली. म्हणाला, डावं ठीक आहे, उजवं बंद. मी म्हटलं, आत्ताच मेणात पडलंय. म्हणाला, मेणाचा काही संबंध नाही, आतली तार गंजून तुटलीय, ही बघा हिरवी पडलीय, हे महिनाभर तरी बंद असणार.

महिनाभर. अहो, उजव्या कानात तर माझा खर्ज असतो. डाव्या कानात त्याचा एक सूर नाही. आणि चौथं गाणं मी गेल्या आठवड्यात शिकलो, जे आधी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसलो. तो म्हणाला, पाणी देऊ का? मी म्हटलं, द्या. बसायच्या आधी मी स्टूल हाताने चाचपलं होतं, हे मला बसल्यावर कळलं.

मग काय करणार? सरळ वहिनींकडे गेलो. दुसरा मजला, दुपारची वेळ, खिडकीपाशी दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर घडी केलेली शाल. मी दुसरीवर बसलो, वहिनी शालीच्या खुर्चीला टेकून उभ्या राहिल्या. आधी माफी मागितली, म्हटलं, मोठ्या माणसाला मी 'चल' म्हणालो, पण दोष माझा नाही, फितीतच तसं आहे, मी फक्त ऐकलं. वहिनी म्हणाल्या, मी ती फीत कधी ऐकलेली नाही, हिंमत झाली नाही, आता लावा. मी फोन मधल्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. पोस्टमास्तरांचा पहिला श्वास आला आणि वहिनींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. खुर्ची करकरली, तशा त्या जराशा हसल्या. मग ती जागा आली. सगळे गप्प. एक, दोन, तीन... आणि खालच्या बायका.

मधे काही नाही.

मी परत लावलं. श्वास होता, खुर्ची होती. 'चल' नव्हतं. तिसऱ्यांदा लावलं, फोन कानाशी धरला. नाही. आणि तुम्हाला सांगतो, मी तो शब्द त्या फितीत शंभर वेळा ऐकलाय. शंभर म्हणजे कमीच सांगतोय.

वहिनी म्हणाल्या, "ते त्यात असणार नाही. ते मला म्हणायचे, मागून. फीत केली त्या दिवशी मी घरी होते, खोलीत ते एकटेच. मग म्हणतील कुणाला?"

चहा गार होत होता. वहिनी शालीच्या घडीवरून हात फिरवत हळूहळू सांगत होत्या. लोकांना वाटतं मला जागा सापडत नाही, पण जागा मला बावीस वर्षं पाठ आहे, मी त्या शब्दासाठी थांबते, आणि तो येत नाही, तोवर जागा निघून जाते. बाईंनी आता स्पष्टच सांगितलंय, या कार्यक्रमात जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून श्रोत्यांत बसा. आणि हे गेलं तर मग मंगळवार कशाला उजाडायचा?

मी म्हटलं, वहिनी, मग सोपं आहे, मी म्हणतो की. मला काय, तीन मात्रांत एक शब्द. त्यांनी मान हलवली.

"नको. मला माझं माझं यायचंय. तुम्ही म्हणू नका. शब्द द्या."

मी दिला. निघालो, तर त्यांनी दारातून विचारलं, चाललात ना? मी म्हटलं, हो, येतो. पण त्यांनी ते मला विचारलं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला, शाळेच्या सभागृहात. आम्ही तालमीसारखेच उभे, माझ्या उजवीकडे इथेही भिंतच; खिडक्यांतून लख्ख ऊन, समोर साठ-सत्तर माणसं, तिसऱ्या रांगेत आमची ही, जेवताना बघते तशीच बघत. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं, प्रियकर सात वेळा मेला. तिसरं सुरू झालं. ती जागा जवळ यायला लागली, आणि माझा माझ्या तोंडावर भरवसा उरला नव्हता. म्हणून सगळे गप्प झाले तशी मी सरळ जीभ पुढच्या दातांत धरली. घट्ट. दातांतलं मला कळतं, जीभ तिथे असली की माणसाला एक अक्षर बोलता येत नाही. एक. वहिनींचे खांदे उचललेले. दोन. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू यावी. तीन...

आणि वहिनी आल्या. वेळेवर, सुईच्या टोकावर, एकट्या, आणि त्यांच्यामागून बाकीच्या सगळ्या. असा काही आवाज लागला होता त्यांचा, की बाईंचा हात क्षणभर हवेतच राहिला. माझे डोळे भरून आले. म्हटलं, जिंकल्या वहिनी. स्वतःच्या स्वतः आल्या.

टाळ्याबिळ्या झाल्या, फुलं झाली, लोक खुर्च्या सरकवायला लागले, तेव्हा वहिनी माझ्यापाशी आल्या. गाल लाल, डोळे ओले. म्हणाल्या, "शब्द मोडलात तुम्ही."

सांगू काय त्यांना? की मी काहीच म्हटलं नाही? मग पुढचा प्रश्न काय येणार, हे मला दिसत होतं, आणि त्याचं उत्तर मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, माझ्या तोंडून तर नाहीच नाही. मी म्हटलं, "चुकलो वहिनी. निघून गेलं तोंडातून."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, असू दे, पुढच्या खेपेला मी शब्दाच्या आधी येऊन दाखवते. आणि पिशवी उचलून, ताठ चालत, उन्हात गेल्या. दोन वर्षांत त्यांना असं चालताना कुणी बघितलं नव्हतं, असं शिंपी म्हणाला.

शिंपी म्हणाला तेवढंच म्हणून थांबला असता तर बरं झालं असतं. पण नाही. टेपची गुंडाळी करत म्हणाला, तुम्ही खोटं का बोललात? तुमची जीभ दातांत होती, मी बघितली. मी म्हटलं, मग शब्द तुम्हालाही ऐकू आला? म्हणाला, स्वच्छ. मी म्हटलं, मग कुठून आला? त्याने गुंडाळी खिशात टाकली, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तुमच्या डावीकडे उभा होतो. आवाज तुमच्या पलीकडून आला."

माझ्या पलीकडे हातभर जागा, आणि मग भिंत.

मी दुसऱ्याच दिवशी बाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, पुरे. कवळीची काही तक्रार असेल तर जन्मभर फुकट दुरुस्त करून देईन, पण मला यातून मोकळं करा. मी फोनमधल्या फिती पुसल्यात, बोंडं कचऱ्यात टाकलीत, आणि तरी सकाळी चाकावर बसलो की उजव्या कानात कुणीतरी पाचवं गाणं शिकवतंय, आणि पाचवं गाणं तुम्ही अजून निवडलेलंसुद्धा नाही! बाईंनी सगळं ऐकून घेतलं. फक्त ऐकलं. मग म्हणाल्या, तुम्हाला सोडलं तर माझा खर्ज कोलमडेल, काल श्रोते येऊन विचारत होते, तुमचा एकट्याचा आवाज दोन माणसांएवढा लागतो, हे जमतं कसं? आणि तरीही जायचंच असेल तर रीतसर राजीनामा लिहून द्या.

आता तुम्हीच सांगा. लिहायला मी आत्ता लिहीन हो. पण हिशेबाने राजीनामा दोघांचा द्यावा लागणार, आणि दुसऱ्याची सही मी कुठून आणू?